उद्या फवारणी आहे, हे आज कळावे

(सिल्लोड येथे झालेल्या हितचिंतकांच्या मेळाव्यात, भिल्ल वस्त्यांवर आरोग्यसेवा करणाऱ्या आपल्या परिचारिका भगिनींनी केलेले भाषण)



दरवर्षी या मेळाव्यात वस्त्यांवरच्या कामाचा अहवाल सांगितला जातो. किती मुले वसतिगृहात आहेत, किती बाळंतिणींच्या घरी भेटी झाल्या, दवाखान्यावर किती खर्च झाला. तो अहवाल छापून आपल्या हाती दिलेलाच आहे. म्हणून मला दिलेल्या वेळेत मी एकाच विषयावर बोलणार आहे. तो विषय म्हणजे शेतातली फवारणी. आज मी आपल्याकडे देणगी मागणार नाही. जे मागणार आहे त्याला पैसा लागत नाही, पण ते मिळवायला देणगीपेक्षा जास्त खेटे घालावे लागतात, असा माझा अनुभव आहे.

आपला तालुका कपाशीचा, मक्याचा आणि मिरचीचा. जूनमध्ये पेरण्या होतात आणि जुलैपासून पाठीवरचे पंप बाहेर निघतात. कपाशीवर आधी मावा, तुडतुडे, फुलकिडे, मग बोंडअळी. मिरचीला तर उसंतच नसते. मी इथे शेतकऱ्याला दोष द्यायला उभी नाही. बियाणे उधारीवर, खत उधारीवर, आणि पानाखाली किडे दिसले तर तो हात बांधून बसेल कसा? फवारणी तो हौसेने करत नाही.

पण एक गोष्ट पाहा. पंप ज्याच्या पाठीवर आहे, त्याला निदान ठाऊक असते की आज विष उडते आहे. शेजारच्या वावरात खुरपणाऱ्या बाईला ते ठाऊक नसते. बांधावर झोळीत निजवलेल्या लेकराला नसते. त्याच बांधावर शेळ्या चारणाऱ्या पोराला नसते. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच रानात निंदायला जाणाऱ्या टोळीला नसते. हे सगळे लोक बहुतेक आपल्या वस्त्यांवरचे असतात, कारण ज्याला स्वतःचे रान नाही त्यालाच दुसऱ्याच्या रानात दिवसभर राहावे लागते.

आपल्या भाषेनेही इथे थोडा घात केला आहे. आपण सगळे त्याला ‘औषध’ म्हणतो. ‘औषध मारले’, ‘औषध आणले’, ‘औषधाची बाटली’. दुकानावरची पाटीही कृषी सेवा केंद्राची. वस्तीवरच्या म्हाताऱ्या बाईने खोकल्याची बाटली आणि फवारणीची बाटली एकाच नावाने ओळखावी, हे मला वर्षानुवर्षे पाहूनही अंगवळणी पडलेले नाही.

एका बाईची गोष्ट सांगते. नाव सांगत नाही, गावही सांगत नाही. ऑगस्टचा महिना, उघडीप पडली होती. ती आणि तिच्या दोन जावा कपाशीत खुरपायला गेल्या. दुपारी तिला घाम सुटला, तोंडाला पाणी सुटू लागले, उलट्या झाल्या. बरोबरच्यांना वाटले, ऊन लागले. कांदा फोडून नाकाशी धरला. संध्याकाळी आमची गाडी वस्तीवर होती म्हणून तिला माझ्याकडे आणले. डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या होत्या, दंडाचे स्नायू उडत होते. अंगावरचे कपडे काढून साबणपाण्याने धुतले आणि गाडीत घालून पुढे नेले. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, “कोणतं औषध होतं?” कुणालाच सांगता येईना. शेतमालकाला फोन लावला. तो म्हणाला, “फवारणी आमच्या गड्यानं सकाळीच केली, दोन-तीन मिसळून मारली, नावं दुकानदाराला ठाऊक.” दुकान बंद झाले होते. लक्षणे ओळखून डॉक्टरांनी ॲट्रोपिन सुरू केले आणि देवाच्या कृपेने ती वाचली. पण पुढे तीन आठवडे तिला उभे राहून काम करता आले नाही. तीन आठवड्यांचा रोज गेला, आणि घरात दुसरे मिळवते माणूस नव्हते.

आता विचार करा. त्या दिवशी तिला काय हवे होते? हातमोजे, मुखवटा, गॉगल ही फवारणाऱ्याची साधने. ती तर फवारत नव्हतीच. तिला हवे होते एक वाक्य, आदल्या संध्याकाळी कुणीतरी सांगितलेले: “उद्या सकाळी त्या वावरात अमुक औषध मारणार आहे, तिकडं येऊ नका.”

आपल्या देशात याविषयी काही कायदा आहे की नाही, असे आपण विचाराल. आहे. १९५८ साली केरळ आणि मद्रास राज्यांत पॅराथिऑन नावाचे विष सांडलेले पीठ लोकांच्या पोटात गेले आणि शंभराहून अधिक माणसे दगावली. धान्य आणि विष जवळजवळ ठेवून वाहून आणल्याने हे झाले होते. त्याची चौकशी झाली आणि त्यातून पुढे १९६८ चा कीटकनाशक कायदा आला. त्याचे नियम १९७१ चे. २००८ मध्ये आणि पुन्हा २०२० मध्ये राज्यसभेत नवी विधेयके मांडली गेली, पण आपण अजून त्या १९६८ च्याच कायद्याखाली आहोत.

त्या नियमांत पुष्कळ चांगले आहे. प्रत्येक बाटलीवर चौकोन असतो, टोकावर उभा केलेला. त्याच्या खालच्या अर्ध्या भागाचा रंग पाहा. तांबडा म्हणजे अतिजहाल, त्यावर कवटी आणि हाडे असतात. पिवळा त्याखालचा, तोही विषच. मग निळा, मग हिरवा. हिरवा म्हणजे निर्धोक नव्हे, हे मी प्रत्येक वस्तीवर दोन-दोनदा सांगते, कारण हिरवा रंग पाहिला की लोक निश्चिंत होतात. बाटलीबरोबर माहितीपत्रक द्यायचे आणि ते प्रादेशिक भाषेतही हवे, असा नियम आहे. काम करणाऱ्यांना संरक्षक कपडे द्यावेत, प्रशिक्षण द्यावे, उतारा आणि प्रथमोपचाराची औषधे जवळ असावीत, हेही लिहिले आहे. रिकामी बाटली फोडून वस्तीपासून दूर पुरावी, असे लिहिले आहे.

या शेवटच्या नियमाचे मोल कळायला बिहारकडे पाहावे लागते. जुलै २०१३ मध्ये सारण जिल्ह्यातल्या एका शाळेत माध्यान्ह भोजन खाऊन २३ मुले मेली. तपासणीत अन्नात आणि स्वयंपाकाच्या तेलात मोनोक्रोटोफॉस सापडले. म्हणून वस्तीवर कुठे फवारणीच्या डब्यात तेल, रॉकेल किंवा पाणी भरलेले दिसले की आमच्या कार्यकर्त्या तो डबा तिथेच फोडतात आणि बदल्यात साधा डबा देतात.

लोकांना आधी कळवण्याविषयी कायदा काय म्हणतो? त्याच नियमांत एक कलम आहे. हवेतून, म्हणजे विमानाने किंवा हेलिकॉप्टरने फवारणी करायची असेल, तर सक्षम अधिकाऱ्यांमार्फत निदान २४ तास आधी लोकांना कळवले पाहिजे. क्षेत्राच्या खुणा केल्या पाहिजेत. ज्यांचा त्या कामाशी संबंध नाही अशी माणसे आणि जनावरे ठरावीक काळ तिथे येऊ देता कामा नयेत. वाचले की बरे वाटते. पण आपल्या तालुक्यात हेलिकॉप्टर कुठे येते? आपल्याकडे फवारणी होते ती माणसाच्या पाठीवरून, आणि पाठीवरच्या पंपाने फवारताना शेजाऱ्याला आधी सांगावे, अशी तरतूद त्यात नाही. आता ड्रोन येऊ लागले आहेत. केंद्र सरकारने डिसेंबर २०२१ मध्ये ड्रोन फवारणीची कार्यपद्धती जाहीर केली आणि २०२३ मध्ये १५,००० महिला बचत गटांना ड्रोन देण्याची योजना मंजूर केली. ड्रोनही हवेतूनच फवारतो. आपल्या बचत गटातल्या बहिणींनी ड्रोन घेतला, तर २४ तास आधी गावाला सांगण्याची सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्यावी.

नियम कागदावर राहिला तर काय होते, ते केरळच्या कासरगोडने भोगले आहे. तिथे सरकारी महामंडळाच्या काजूच्या बागांवर सुमारे दोन दशके हेलिकॉप्टरमधून एन्डोसल्फान फवारले गेले. खाली घरे होती, विहिरी होत्या, ओढे होते. सर्वोच्च न्यायालयाने मे २०११ मध्ये एन्डोसल्फानवर देशभर बंदी घातली आणि जानेवारी २०१७ मध्ये पीडितांना प्रत्येकी पाच लाख रुपये देण्याचा आदेश केरळ सरकारला दिला. तोपर्यंत एक पिढी आजारपणात वाढली होती.

त्याच २०१७ साली आपल्या महाराष्ट्रात यवतमाळ घडले. पाऊस-ऊन दमट, कपाशी माणसाच्या डोक्याएवढी वाढलेली, दोन-तीन औषधे एकत्र कालवलेली, बारीक तुषार उडवणारे बॅटरीचे पंप, आणि फवारणाऱ्याच्या अंगावर बनियन नि पायजमा. शेकडो माणसांना विषबाधा झाली आणि एका यवतमाळ जिल्ह्यात विसाहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. सरकारने विशेष तपास पथक नेमले, मृतांच्या कुटुंबांना दोन-दोन लाख रुपये जाहीर केले, आणि विदर्भातल्या पाच जिल्ह्यांत पाच कीटकनाशकांवर साठ दिवसांची बंदी घातली. राज्य सरकारला तात्पुरती बंदी घालण्याचा तो अधिकार १९६८ च्या कायद्यातच आहे. पण तारखा पाहा. रुग्ण जुलै-ऑगस्टपासून येत होते, राज्यभर ओरड झाली ऑक्टोबरच्या सुमारास, आणि बंदी आली नोव्हेंबरमध्ये. तोवर फवारणीचा हंगाम सरत आला होता.

याच कायद्यात आणखी एक कलम आहे, सव्विसावे. विषबाधेची घटना ज्यांच्या नजरेस येते त्यांनी ती ठरावीक अधिकाऱ्याला कळवावी, असे राज्य सरकार अधिसूचना काढून बंधनकारक करू शकते. म्हणजे कळवणे दोन्ही बाजूंनी हवे. फवारणीआधी मालकाने मजुराला कळवायचे आणि बाधा झाल्यावर दवाखान्याने सरकारला. यांतले एकही कळवणे सुटले, तर त्याची किंमत वस्तीवरच मोजली जाते.

आता आपण काय करू शकतो? काही जण म्हणाले, आदिवासी गावांना पेसा कायद्याने अधिकार आहेत, ते वापरा. पण पेसा फक्त अनुसूचित क्षेत्राला लागू आहे, आणि आपला तालुका त्यात येत नाही. इथली भिल्ल वस्ती साध्या ग्रामपंचायतीतच मोडते आणि बहुतेक गावांत ती संख्येने थोडी असते. आपल्या हाती आहे ती नेहमीची ग्रामसभा. ग्रामसभेला कीटकनाशकावर बंदी घालता येत नाही. तो अधिकार केंद्राचा आणि राज्याचा. पण गावाने एकमेकांशी कसे वागायचे, हे ठरवायला ग्रामसभेला कुणी अडवलेले नाही.

आम्ही एक साधा ठराव तयार केला. त्यात पाच गोष्टी आहेत.

पहिली: फवारणीच्या आदल्या संध्याकाळी मालकाने वावर, पीक आणि औषधाचे नाव ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहावे. फोन सगळ्यांकडे नसतो, म्हणून वस्तीवरच्या आशाताईला तोंडी निरोप द्यावा.

दुसरी: फवारलेल्या वावराच्या बांधावर काठीला तांबडे फडके बांधावे. निदान दुसऱ्या दिवसापर्यंत ते काढू नये. माहितीपत्रकात जास्त मुदत सांगितली असेल तर ती पाळावी.

तिसरी: शाळा, अंगणवाडी आणि पाणवठ्याशेजारच्या वावरात मुलांच्या वेळेत किंवा वारा तिकडे वाहत असताना फवारू नये.

चौथी: रिकाम्या बाटल्या वस्तीवर देऊ नयेत, विकू नयेत, ओढ्यात टाकू नयेत.

पाचवी: कुणाला बाधा झाली तर बाटली किंवा तिचे लेबल रुग्णाबरोबर पाठवावे, १०८ ला फोन करावा आणि गोष्ट झाकून ठेवू नये.

दोन गावांत हा ठराव १ मेच्या ग्रामसभेत मांडला. १ मे मुद्दाम निवडला, कारण तोवर ऊसतोडीला गेलेली कुटुंबे परत आलेली असतात आणि पेरण्यांना अवकाश असतो. त्याआधी महिलांची सभा झाली, तिथे बायका मोकळेपणाने बोलल्या.

मुख्य ग्रामसभेत एका शेतकऱ्याने विचारले, “सिस्टर, अळी काय पंचांग पाहून येती का? सकाळी दिसली की दुपारी मारावं लागतं. आदल्या दिवशी कसं सांगू?” प्रश्न रास्त होता. त्यावर गावानेच तोड काढली: घाई असेल त्या दिवशी फळा राहू द्या, पण फडके बांधल्याशिवाय पंप सुरू करायचा नाही आणि शेजारच्या वावरात माणसे असतील तर आधी हाक मारायची. दुसरा म्हणाला, “असं सांगत बसलो तर मजूर मिळायचे नाहीत.” तेव्हा वस्तीवरची एक आजी उठली आणि म्हणाली, “पाटील, मजूर मेल्यावर कुठून मिळतील?” सभा हसली, आणि ठराव मंजूर झाला.

पण खरी अडचण मला नंतर आमच्याच बायकांनी सांगितली. “बाई, फडकं दिसलं की परत फिरायचं, हे खरं. पण मग त्या दिवसाचा रोज कोण देणार?” याचे उत्तर दिल्याशिवाय तांबड्या फडक्याला काही अर्थ नाही. पोटाला नसेल तर माणूस फडक्याखालून वाकून आत जातो. म्हणून एका गावात सहावी गोष्ट जोडली: ज्या मालकाने मजूर सांगून ठेवले आहेत, त्याने ऐनवेळी फवारणी केली, तर त्या दिवशी त्यांना दुसऱ्या वावरात काम द्यावे किंवा अर्धा रोज द्यावा. ही अट आल्यापासून मालक आदल्या दिवशी सांगायला विसरत नाहीत, असे बायका हसून सांगतात. दुसऱ्या गावात ही अट मान्य झाली नाही. तिथे फळा पहिले काही आठवडे भरला, नंतर कोरा राहू लागला. यंदा तिथे पुन्हा बसावे लागणार आहे.

हे मागणे काही जगावेगळे नाही. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यात मार्च २०२५ पासून, निर्बंध असलेली जहाल कीटकनाशके शेतात वापरण्याआधी त्याची सूचना सरकारी व्यवस्थेतून लोकांना पाहता येते. बहुतेक औषधांसाठी २४ तास आधी, जमिनीत सोडायच्या धुरीसाठी ४८ तास आधी. तिथेही ती शेतमजुरांनी आणि शेतांशेजारी राहणाऱ्यांनी अनेक वर्षे मागून मिळवली. त्यांच्याकडे संगणक आहे, आपल्याकडे फळा आणि फडके आहे. मागणी एकच आहे.

आता शेवटची गोष्ट, आणि ती मी आपल्या माणसांत म्हणून सरळ सांगते. या मंडपात बसलेल्यांपैकी कितीतरी जण शेतमालक आहेत. कुणाची पाच एकर, कुणाची दोन एकर कोरडवाहू, कुणाची बटाईने लावलेली. ज्या वस्तीवरच्या मुलांच्या वसतिगृहासाठी आपण दरवर्षी देता, त्याच वस्तीवरच्या बाया आपल्या वावरात खुरपायला येतात. मोशेच्या नियमशास्त्रात खड्ड्याविषयी एक नियम आहे, तो आपण सर्वांनी वाचला आहे. कुणी खड्डा खणला आणि झाकला नाही, आणि दुसऱ्याचा बैल किंवा गाढव त्यात पडले, तर भरपाई खणणाऱ्याने द्यायची. खड्डा खणू नका असे तिथे म्हटलेले नाही. विहीर हवी, तर खणावीच लागते. झाकायची जबाबदारी मात्र खणणाऱ्याची. बैलासाठी इतकी काळजी आहे, तर माणसासाठी किती असावी, ते मी वेगळे सांगायला नको.

म्हणून माझ्या तीन विनंत्या आहेत. पहिली, येत्या हंगामात आपल्या स्वतःच्या बांधावर तांबडे फडके बांधा, ग्रामसभेच्या ठरावाची वाट पाहू नका. दुसरी, औषध घेताना दुकानदाराकडून पक्के बिल आणि मराठी माहितीपत्रक मागून घ्या आणि फवारणी संपेपर्यंत ते घरात हाताशी ठेवा. कुणाच्या तरी जिवासाठी ते पाच मिनिटांत लागू शकते. तिसरी, १ मेला आपापल्या गावच्या ग्रामसभेला जा. ठरावाचा मसुदा बाहेरच्या टेबलावर ठेवला आहे, एक-एक प्रत घेऊन जा. वस्तीवरचे लोक ठराव मांडतील तेव्हा त्यांच्या बाजूने हात वर करणारा निदान एक शेतमालक सभेत असला पाहिजे. त्या हाताचे वजन काय असते, ते मी दोन गावांत पाहिले आहे.

 जेवणानंतर मी टेबलाजवळच आहे. बाटलीवरचे रंग पाहायचे असतील, ठरावाविषयी विचारायचे असेल, तर अवश्य या.